सहाव्या जागेवरचा बदल

कसारा आणि माळशेज या दोन घाटांच्या पायथ्याला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके पसरले आहेत. सह्याद्रीवरून उतरणारे ओढे, भाताची खाचरं, सागाची जंगलं आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं. पाण्याच्या या मुलखात पावसाळा सरता सरता हिवताप यायचा. थंडी वाजून ताप भरायचा, उतरायचा, पुन्हा भरायचा. लहान मुलं त्यातून कायमची जायची. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या जमाती पिढ्यानपिढ्या या तापाच्या सोबतीने जगल्या. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि डीडीटीचे फवारे खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. तोवर कोण जगेल आणि कोण नाही, हे ठरवण्यात या तापाचा मोठा हात होता. आज या डोंगरपट्ट्यातल्या काही माणसांच्या रक्तात जो आजार सापडतो, त्याचं मूळ त्या तापात आहे.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. त्यात लोह धरून ठेवणारा हीम हा छोटा भाग असतो आणि त्याला कवेत घेणारं ग्लोबिन हे मोठं प्रथिन असतं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ग्लोबिनच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं असतात आणि बीटा साखळीत १४६. माळेत मणी ओवावेत तशी ती ठरल्या क्रमाने ओवलेली असतात. गर्भातल्या बाळाच्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतरच्या काही महिन्यांत गॅमा मागे पडते आणि बीटा तिची जागा घेते. पुढची सगळी हकिकत या बीटा साखळीभोवती फिरते.

तिची सुरुवात शिकागोत झाली. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण १९०४ च्या अखेरीस तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. धाप, खोकला, अशक्तपणा अशा त्याच्या तक्रारी होत्या. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा गोल पेशींबरोबर विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ही नोंद १९१० साली प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरं करून मायदेशी परतला, दवाखाना थाटला आणि १९१६ साली वारला. आपल्या रक्ताने वैद्यकशास्त्रात नवं प्रकरण उघडलं, हे त्याला कळलं असेल असं वाटत नाही.

पेशी वाकड्या का होतात, याचं उत्तर मिळायला आणखी चाळीस वर्षं गेली. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४५ साली हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल यांच्याकडून ऐकलं की प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकतात आणि तो मिळाला की काही पेशी पूर्ववत होतात. प्राणवायूशी एवढा संबंध असेल तर दोष हिमोग्लोबिनमध्येच असणार, असा तर्क पॉलिंग यांनी बांधला. त्यांचे सहकारी हार्वे इटानो आणि मंडळींनी विजेच्या दाबाखाली हिमोग्लोबिन सरकवून पाहिलं. निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकलं. वाहकाच्या, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्या माणसाच्या, रक्तात दोन्ही प्रकार सापडले. १९४९ सालच्या त्यांच्या निबंधाने एका आजाराला पहिल्यांदाच 'रेणूचा आजार' असं नाव दिलं. त्याआधी आजार जंतूंमुळे, आहारातल्या उणिवेमुळे किंवा अवयव निकामी झाल्यामुळे होतो असं डॉक्टर मानत. एखाद्या प्रथिनाच्या घडणीतच आजार असू शकतो, हा विचार त्या निबंधापासून रुजला.

घडणीत नेमकं काय बिघडलं आहे, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवलं. त्यांनी ग्लोबिनचे एन्झाइमने तुकडे केले आणि ते कागदावर दोन दिशांनी पसरवले. दोन्ही रक्तांचे ठिपक्यांचे नकाशे हुबेहूब जुळले, फक्त एक ठिपका वेगळ्या जागी पडला. १९५६-५७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एका जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं आहे. ती जागा पुढे बीटा साखळीतली सहावी ठरली. १४६ पैकी एवढा एकच बदल. पण व्हॅलिनला पाणी आवडत नाही. प्राणवायू सुटला की ते शेजारच्या रेणूतल्या खाचेत जाऊन बसतं, रेणूला रेणू चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि त्या दोऱ्या पेशीला आतून ताणून वाकवतात. अशी ताठ पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त सतत कमी.

एवढा घातक बदल पिढ्यांमागून पिढ्या टिकला कसा? जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली थॅलेसेमिया या बीटा साखळीच्याच दुसऱ्या आजाराविषयी एक अंदाज मांडला होता: त्याच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावं. (हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) विळ्यासारख्या पेशींच्या आजाराबाबत, म्हणजे सिकलसेलबाबत, पूर्व आफ्रिकेत अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली तेच पुराव्यानिशी दाखवलं. आईकडून किंवा वडिलांकडून, असा एकच सदोष जनुक मिळालेली मुलं मारक हिवतापातून जास्त संख्येने वाचत होती. दोन्हीकडून सदोष जनुक मिळालेली मुलं मात्र सिकलसेलने मरत होती. हिवतापाच्या प्रदेशात हा सौदा शेकडो वर्षं चालला. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्याला हे तंतोतंत लागू पडतं.

भारतातला शोध १९५२ साली लागला. जर्मनीतून नाझींच्या छळामुळे बाहेर पडलेले हर्मन लेहमन युद्धकाळात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून भारतात आले होते आणि इथल्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे मारी कटबुश यांच्याबरोबर त्यांनी निलगिरीतल्या आदिवासींचं रक्त तपासलं आणि त्यात सिकलसेल सापडला. त्याच वर्षी वरच्या आसामातल्या चहामळ्यांवरच्या मजुरांतही तो आढळल्याची नोंद झाली. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच समजला जात होता.

चारच वर्षांनी, १९५६ साली, 'करंट सायन्स'मध्ये एक छोटा निबंध आला. पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी आणि गिरीश व्यास या मुंबईच्या तीन संशोधकांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींमध्ये सिकलसेलचे वाहक असल्याचं त्यात दाखवलं होतं. निबंध दोन पानांचा. पण सह्याद्रीच्या या बाजूच्या आदिवासींचा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला तो त्या पानांवरून. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला, सोळंकी आणि परांडे यांनी विदर्भातले रुग्ण जगापुढे मांडले.

मुंबईत हे काम होणं हा योगायोग नव्हता. परळ हे रक्ताच्या अभ्यासाचं तेव्हाच जुनं ठाणं होतं. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचा शोध तिने इथे घेतला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, त्या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला जी पिवळी गोळी रोज घ्यायला सांगतात, तिचा वंश मुंबईच्या गिरणगावातून निघतो, हे मला फार मोलाचं वाटतं. १९५२ साली वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' शोधला. १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उघडलं. केईएम रुग्णालयाच्या आवारातली आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था तीच. महाराष्ट्रातल्या आदिवासींमधला सिकलसेल, बीटा थॅलेसेमिया आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता या तिन्हींची पाहणी राव आणि गोरक्षकर यांनी केली. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. जी-सिक्स-पीडीचं महत्त्व हिवतापाच्या गावाला जास्त कळतं, कारण ही कमतरता असलेल्या रुग्णाला प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध दिलं की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात.

याच ठाणे जिल्ह्यात ग्लोबिनची दुसरी कहाणी घडत होती. मुरबाडहून कल्याणकडे निघालं की शेवटी उल्हासनगर लागतं. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आलं आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा बरेच जास्त. या आजारात साखळीचा मणी बदललेला नसतो. बीटा साखळी तयारच कमी होते किंवा मुळीच होत नाही. दोन वाहकांच्या मुलाला हा आजार झाला की त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठत जातं. ते लोह बाहेर काढणारं डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं औषध जगात सर्वांत आधी भारतात, १९९०च्या दशकात, मंजूर झालं आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणलं. त्याआधी रात्र रात्र पंपाने सुई टोचून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

या दोन कहाण्या एका ठिकाणी भेटतात. १९७२ साली सुकुमारन आणि लेहमन यांनी, मुंबईच्या सहकाऱ्यांबरोबर, 'हिमोग्लोबिन क्यू इंडिया' हा नवा प्रकार तीन सिंधी कुटुंबांत बीटा थॅलेसेमियासोबत आढळल्याचं नोंदवलं. लेहमन निर्वासित, इन्ग्रॅम निर्वासित आणि हिमोग्लोबिनची त्रिमिती रचना उलगडून १९६२ चं नोबेल मिळवणारे मॅक्स पेरुट्झही निर्वासित. फाळणीने ज्यांचं घर सुटलं त्या समाजाच्या रक्तातला वेगळेपणा, हिटलरमुळे घर सुटलेल्या माणसाच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला.

आता मुळातल्या गोष्टीकडे. १९५६ साली मुंबईला ठाऊक झालेली गोष्ट डोळखांब, कसारा, धसई, मोरोशीच्या पाड्यांपर्यंत पोहोचायला अर्धं शतक लागलं. आदिवासींचं रक्त नमुन्यांच्या रूपाने शहरात गेलं, निबंधांत छापून आलं. अहवाल मात्र ज्याचं रक्त त्याच्याकडे परतला नाही. याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. संशोधकांकडे देण्यासारखा उपचारही तेव्हा नव्हता. पण पेनिसिलिनने लहान मुलांचे जीव वाचतात हे १९८६ साली सिद्ध झालं, हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात हे १९९५ साली सिद्ध झालं, त्यानंतरही पाड्यावरच्या मुलाच्या वाट्याला 'अंगात रक्त कमी आहे' एवढंच निदान आणि लोहाची गोळी येत राहिली, हे समर्थनीय नाही. सिकलसेलच्या रक्तक्षयाचं मूळ पेशी फुटण्यात असतं, लोहाच्या गोळीने ते थांबत नाही.

ही दरी ज्यांनी भरायला घेतली, त्यांत महाराष्ट्रातली दोन नावं मोठी. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातले डॉ. सुदाम काटे नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत वर्षानुवर्षं जात राहिले, रक्त तपासत राहिले आणि निकाल लोकांच्या हातात देत राहिले. नागपूरला संपत रामटेके यांनी रुग्णांच्या कुटुंबांची संघटना बांधली. रामटेके यांना २०१८ साली आणि काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्ही आजारांना अपंगत्वाच्या यादीत जागा मिळाली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक सरत आलं तेव्हा राज्य सरकारने आदिवासी भागांसाठी सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि ठाणे जिल्हाही त्यात आला.

इथे एक प्रशासकीय घटना महत्त्वाची ठरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासी तालुके तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून पाच लाखांच्या आसपास आणि उरलेल्या ठाणे जिल्ह्याची एकूण लोकसंख्या २०११ च्या गणनेने ऐंशी लाखांहून जास्त. आदिवासी आरोग्याची चर्चा निघाली की बोट पालघरकडे जातं आणि ठाणे म्हटलं की महानगरपालिका आठवतात. जिल्ह्याच्या सरासरीत हे दोन तालुके दिसेनासे होतात. इथलं सिकलसेलचं प्रमाण नंदुरबार-गडचिरोलीच्या तुलनेत कमी आहे, त्यामुळे दुर्लक्ष आणखी सोपं होतं. पण ज्या घरात रुग्ण आहे, तिथे तालुक्याच्या टक्केवारीला अर्थ नसतो.

गावात होणारी पहिली तपासणी साधी असते. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात किंवा उपकेंद्रात टेबल मांडतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका काचेच्या नळीतल्या रसायनात टाकतात. ते रसायन पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतं. पाचेक मिनिटांनी नर्सताई ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा आरपार दिसल्या तर सिकलसेल नाही. द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय पक्का. पॉलिंग आणि इन्ग्रॅम यांच्या प्रयोगशाळांतलं ज्ञान इथे एका रेघेच्या दिसण्या-न दिसण्यावर येतं. पण या चाचणीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसाठी पाठवावा लागतो. थॅलेसेमियाचा वाहक तर तिला ओळखताच येत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळही तिच्यातून निसटतं, कारण त्याच्या रक्तात अजून गॅमा साखळीचं राज्य असतं. गॅमा ओसरू लागली की बाळाचे हात-पाय सुजतात आणि ते रडायचं थांबत नाही. अनेक घरांत आजाराची पहिली खूण तीच असते.

हीच गॅमा साखळी उपचाराचीही वाट ठरली. जेनेट वॉटसन या अमेरिकी डॉक्टरने १९४८ साली ओळखलं होतं की तान्ह्या बाळाला हा आजार जाणवत नाही तो गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे. हायड्रॉक्सियुरिया ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. भारतीय रुग्णांमधला सिकलसेलचा बदल आफ्रिकेतल्या बदलाहून स्वतंत्रपणे झाला असावा, असं १९८६ च्या जनुकीय अभ्यासाने सुचवलं. इथल्या अनेकांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मुळातच बरं असतं, तरी तीव्र आजाराचे रुग्ण इथेही कमी नाहीत. अशा मुलांना दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेचाही चांगला उपयोग होतो, हे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं. आपल्या सरकारी दवाखान्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा, कारण कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी दुष्परिणाम. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने गॅमा साखळी पुन्हा सुरू करणाऱ्या जनुक-उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर होती.

त्याच वर्षी, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. 'निर्मूलन' या शब्दाने गैरसमज व्हायचा धोका आहे. हा जनुक उद्या संपणार नाही आणि वाहक असणं हा आजारही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी, दोघेही वाहक असतील तर गरोदरपणात लवकर निदान करून घ्यावं, हा सल्ला द्यायचाच. पण तो मुलीच्या कपाळी शिक्का मारण्यासाठी वापरला जातो, तेव्हा सल्ला देणाऱ्याचं काम अपुरं राहिलेलं असतं. सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून आल्याखेरीज सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही, ही गोष्ट सासरच्या माणसांसमोर स्पष्टपणे सांगावी लागते.

शहापूर-मुरबाडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. भातकापणी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला किंवा आणखी लांब, आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरची उन्हातली मेहनत, पाण्याची टंचाई, पहाटेची थंडी, या सगळ्यांनी सिकलसेलचा झटका येऊ शकतो. रुग्णाची नोंद गावच्या उपकेंद्रात आणि रुग्ण भट्टीवर. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची असते आणि मधूनमधून रक्ताची तपासणी करायची असते. सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला ती गोळी भट्टीजवळच्या केंद्रात मिळायला हवी. त्यासाठी डोळखांबची नोंद भिवंडीतल्या डॉक्टरला दिसायला हवी. दुसरी गरज बाळंतपणाच्या वेळची. वलसाडला आणि नागपूरला नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करण्याचे प्रकल्प झाले आहेत. बाळ जन्मतःच ओळखलं गेलं, तर पहिला झटका येण्याआधी पेनिसिलिन आणि लसी सुरू करता येतात. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात रोज बाळंतपणं होतात. तो थेंब तिथल्या प्रत्येक आदिवासी बाळाचा घेतला जावा आणि निकाल आईच्या हातात पडावा, ही मागणी १९५६ साली करता आली नसती. आज करता येते.